शेवट कळला म्हणून काय बिघडलं?

नवा सिनेमा लागला की पहिला आठवडाभर मोबाइल उघडायची सोय उरत नाही, अशी तक्रार तरुण मुलांकडून सारखी ऐकू येते. कुणीतरी शेवट सांगून टाकेल, ही धास्ती. मित्रांच्या ग्रुपवर एखाद्याने एक ओळ जास्त लिहिली की सगळे त्याच्यावर तुटून पडतात. परीक्षण लिहिणारेही मध्यंतराच्या पुढे जायला धजत नाहीत. कथेची चार वाक्यं, अभिनय दमदार, छायाचित्रण नेत्रसुखद, साडेतीन तारे, की झालं परीक्षण. या सगळ्याच्या बुडाशी एकच समजूत आहे : गोष्ट आधी कळली की सिनेमा वाया गेला. मला ती पटत नाही. तिच्यापायी सिनेमाविषयीचं आपलं बोलणं फार उथळ होत चाललंय, म्हणून तिच्याशी उघड भांडलं पाहिजे असं मला वाटतं.

मराठवाड्यातल्या माणसाला तर ती पटण्याचं काही कारणच नाही. आमच्याकडे पिक्चरच्या आधी त्याची गोष्ट पोचायची, हा कितीतरी वर्षांचा रिवाज होता. फिल्मच्या पेट्या आधी मुंबई-पुण्यात फिरायच्या, मग औरंगाबाद-नांदेडसारख्या शहरांत यायच्या, तिथून तालुक्याच्या टॉकीजला, आणि घासून घासून रेघा पडलेली प्रिंट शेवटी जत्रेतल्या तंबूत. तोवर महिनेच्या महिने उलटलेले असत. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला प्रदर्शित झाला. त्याच्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि त्या लग्नाच्या मांडवात, जत्रेतल्या हॉटेलांत कर्ण्यावर वाजायला लागल्या. खेड्यापाड्यांतल्या पोरांना गब्बरचं बोलणं तोंडपाठ होतं. गब्बर दिसतो कसा, हे मात्र अजून बघायचं होतं. त्या पोरांची मजा कमी झाली असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

गावोगावी, प्रत्येक वर्गात एक स्टोरी सांगणारा असायचा. आमच्या शाळेतला एक जण मला चांगला आठवतो. तालुक्याला मामाकडे जाऊन आला की दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत लिंबाखाली त्याच्याभोवती कोंडाळं जमायचं. पाट्या पडण्यापासून तो सुरुवात करायचा. घोड्याच्या टापा मांडीवर वाजवायचा, मारामारीचे आवाज तोंडाने काढायचा, आई मरते तिथे आवाज खाली आणायचा आणि गाणं आलं की एक कडवं म्हणून पुढे जायचा. शेवट राखून ठेवणं त्याला ठाऊक नव्हतं. 'मंग त्याला पोलीस धरत्यात का ह्योच मारतो?' असं कुणी विचारलं की सगळं सांगून टाकायचा. घंटा झाली तर उरलेली स्टोरी दुसऱ्या दिवशी. पुढे तोच पिक्चर तंबूत आला की ऐकणारी सगळी पोरं घरी हट्ट करून पैसे मिळवायची आणि पडद्यासमोर जमिनीवर पोती अंथरून बसायची. 'आता बघ, आता तो जिन्यावरून येतो,' असं शेजारच्याच्या कानात सांगण्यात केवढा मान वाटायचा! स्टोरी ऐकली म्हणून पिक्चर बघायचा सोडला, असं कुणी केलं नाही. ज्याची स्टोरी कुणीच सांगितली नाही, अशा पिक्चरला जायला मात्र लोक कचरायचे. पैसे थोडे, आणि तेही फुकट गेले तर?

टॉकीजच्या दारात काही आण्यांना गाण्यांची चोपडी मिळायची. तिच्यात गाण्यांच्या आधी 'कथासार' छापलेलं असे. नायक कोण, कुणाची कुणाशी दुश्मनी, कुणाचं पोर जत्रेत हरवलं, सगळं त्यात यायचं. अगदी कड्याच्या टोकाला आणून सोडायचं आणि पुढे काय झालं ते रुपेरी पडद्यावर पाहा, असं लिहायचं. म्हणजे सिनेमाचा धंदा करणारे स्वतःच बारा आणे गोष्ट आधी सांगत होते. चार आणे झाकून ठेवायचे, तेही अशा कथांचे जिथे नायक-नायिकेचं लग्न होणार याविषयी कुणाच्या मनात शंका नसायची.

मग या लोकांना पडद्यावर नवं काय मिळत होतं? लिंबाखालच्या पोराला जे सांगता येत नव्हतं, ते सगळं. जिन्यावरून उतरणाऱ्या माणसाचा चेहरा, त्याच्या पायातल्या बुटांचा आवाज, तो एक पायरी थांबतो तेवढा वेळ. सिनेमा या असल्या गोष्टींचा बनलेला असतो. सांगून संपते ती घटनांची यादी. अमुक मेला, तमुक पळून गेली, वारसा अमक्याला मिळाला. एवढ्या यादीवर जो सिनेमा उभा असतो, तो कुणी फोडला नाही तरी दुसऱ्या दिवशी डोक्यातून गेलेला असतो.

याच्याही पुढे जाऊन मी म्हणेन की शेवट माहीत असल्यानेच काही भावना जाग्या होतात, एरवी त्या होऊच शकत नाहीत. चातुर्मासात मारुतीच्या देवळात पोथी लागते, ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. महाभारत मराठी ओव्यांत सांगणारा श्रीधरांचा 'पांडवप्रताप' अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. एक जण ओव्या वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. समोर शेतातून येऊन हातपाय धुऊन बसलेली माणसं, मांडीवर पेंगणारी लेकरं, खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्या. चक्रव्यूहाचा अध्याय यायचा असला की यातलीच एखादी म्हातारी आदल्या रात्री उठता उठता सगळ्यांना बजावते, 'उद्या अभिमन्यू हाय, येरवाळी या.' तिने तो अध्याय कितीदा ऐकला असेल देव जाणे. पोरगं आत शिरणार, बाहेर पडायची वाट त्याला माहीत नाही, तो मरणार, हे ती स्वतःच सांगून ठेवते. आणि दुसऱ्या रात्री अभिमन्यू रथावर चढतो त्या ओवीलाच तिचा पदर डोळ्याला लागतो. मरण अजून लांब असतं. ज्याला शेवट ठाऊक नाही, त्याला या ओवीला रडू येणार नाही; तो लढाईचं काय होतं ते ऐकत बसेल. म्हातारीला त्या पोराचं कोवळं वय दिसत असतं, कारण पुढचं तिला दिसत असतं.

पैठणच्या एकनाथांचं 'भावार्थ रामायण' युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायाशी थांबलं. पुढचा ग्रंथ त्यांचा शिष्य गावबा याने पुरा केला. पुढे रावण मरतो, सीता सुटते, हे ऐकणाऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं? नुसत्या माहितीवर भागलं असतं तर तो ग्रंथ पुरा करायचा खटाटोप कुणी कशाला केला असता?

भरताच्या नाट्यशास्त्रात रूपकांचे, म्हणजे रंगमंचावर करायच्या कृतींचे, प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या 'नाटका'चं कथानक 'प्रख्यात', म्हणजे लोकांना आधीच ठाऊक असलेलं हवं, असा दंडक आहे. कवीने स्वतः रचलेली कथा 'प्रकरण' या वेगळ्या प्रकारात. ज्याला सगळ्यांत वरचं मानलं, त्याला ओळखीची गोष्ट हवी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कालिदासाने शकुंतलेची गोष्ट महाभारतातून उचलली, पण दुर्वासाचा शाप आणि अंगठी मूळ आख्यानात नाहीत, ती त्याची भर. दुष्यंत शेवटी शकुंतलेला स्वीकारतो हे माहीत असलेल्या लोकांसमोर त्याने ओळख विसरलेला दुष्यंत उभा केला. मूळ गोष्ट ठाऊक असणाऱ्यालाच त्याने काय बदललं आणि का बदललं हे कळतं.

हे फक्त पोथीत आणि संस्कृत नाटकात नाही, अजिंठ्याच्या भिंतींवरही आहे. १७ व्या लेण्यात विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची कथा, रंगवलं आहे : सगळं दान करणारा, शेवटी पोटची पोरंही देऊन टाकणारा राजपुत्र. अजिंठ्यातल्या अनेक कथाचित्रांत प्रसंग काळाच्या क्रमाने ओळीत येत नाहीत. राजवाड्यातले प्रसंग एका जागी, अरण्यातले दुसऱ्या जागी, मग ते आधी घडले असोत की नंतर. गोष्ट माहीत नसलेला माणूस त्या भिंतीपुढे गोंधळून जातो. चित्रकारांनी धरूनच चाललं होतं की बघणारा गोष्ट मनात घेऊन आत येईल. आज तिथे जाणारे बहुतेक जण गोष्ट न ऐकताच आत शिरतात आणि 'रंग किती टिकलेत' एवढं म्हणून बाहेर येतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

आपला सिनेमाही माहीत असलेल्या गोष्टींच्याच बळावर उभा राहिला. फाळक्यांनी १९१३ मध्ये पहिला चित्रपट काढला तो 'राजा हरिश्चंद्र'. १९३२ मध्ये मराठीतला पहिला बोलपट आला, 'अयोध्येचा राजा', आणि त्यातही तोच हरिश्चंद्र. राजा राज्य देणार, बायको-पोर विकणार, स्मशानात राबणार आणि शेवटी देव प्रकट होऊन सगळं परत देणार, हे लहान पोरालाही ठाऊक. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' मुंबईत वर्षभराहून जास्त चालला. तुकोबा वैकुंठाला जाणार हे माहीत नसलेला एक तरी माणूस त्या थिएटरात होता का?

कुणी म्हणेल, या जुन्या, देवाधर्माच्या गोष्टी. आजचा प्रेक्षक वेगळा. २०२२ चा 'पावनखिंड' घ्या. बाजीप्रभू पडणार, हे चौथीतलं पोरगंही सांगेल. विशाळगडावरून तोफा झाल्याशिवाय ते प्राण सोडणार नाहीत, हेही. म्हणूनच खिंडीतल्या लढाईच्या वेळी सगळं थिएटर तोफेच्या आवाजाकडे कान लावून बसतं. हा तोफा होणार हे माहीत असण्याचा ताण आहे. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी तोफ म्हणजे मागून आलेला एक आवाज. २०२५ मध्ये 'छावा'ला गावागावांतून गाड्या करून लोक गेले. संभाजी महाराजांचं काय झालं ते कळावं म्हणून कुणी गेलं नव्हतं.

हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो याच्याशी बोलताना हे फार नेमकं सांगितलं होतं. दोन माणसं टेबलाशी बसून बोलताहेत आणि अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. पण बॉम्ब ठेवलेला प्रेक्षकाला आधी दाखवला, तर त्याच साध्या गप्पा तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. रहस्यपटांचा बादशहा म्हणवणाऱ्या माणसाचं हे मत आहे.

अर्थात याच हिचकॉकने १९६० मध्ये 'सायको' सुरू झाल्यावर कुणालाही थिएटरात सोडू नका, अशी सक्ती केली होती, आणि लंडनमध्ये १९५२ पासून चालणाऱ्या ॲगाथा ख्रिस्तीच्या 'द माउसट्रॅप' नाटकाच्या शेवटी खुनी कोण ते बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते. मला दोन्ही मान्य आहेत. खुनी शोधायच्या कथेत लेखक आणि वाचक यांच्यात एक डाव चाललेला असतो. तिसऱ्याने मध्ये येऊन पानं उघडी करू नयेत. 'दृश्यम'मध्ये खून कुणाच्या हातून झाला हे आपल्याला आधीच दाखवलेलं असतं, पोलिसांपेक्षा आपल्याला जास्त ठाऊक असतं, आणि त्यामुळेच आपण त्या कुटुंबाच्या बाजूने घाबरतो. तरी त्याच्या अगदी शेवटी एक गोष्ट उघड होते आणि ती मी इथे लिहिणार नाही. रहस्यपटाचा हा मान राखायला काहीच हरकत नाही. माझी तक्रार आहे ती एका कप्प्याचा नियम सगळ्या कपाटाला लावण्याबद्दल.

पहिल्यांदा, काहीच माहीत नसताना बघण्याचा आनंद एकदाच मिळतो, असंही म्हणतात. ते खरं आहे आणि तो आनंद लहान नाही. न विचारता दुसऱ्याचा तो आनंद हिरावून घेणं उद्धटपणाचं आहे. थिएटरातून बाहेर पडताना आत जाणाऱ्या रांगेला ऐकू जाईल असं शेवट ओरडणाऱ्याची मी बाजू घेत नाही. पण तो आनंद जाण्याने सिनेमा संपतो, हे खोटं. अडीच तासांत तो तसाही जाणारच असतो. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा. टीव्हीवर लागला की घरातली तीन पिढ्यांची माणसं पुढचं वाक्य पात्राच्या आधी म्हणतात आणि तरी हसतात.

यावर संशोधनही झालं आहे. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या दोघांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना १२ लघुकथा वाचायला दिल्या. ज्यांना शेवट आधी सांगितला त्यांना कथा जास्त आवडल्या, असं दिसलं. पुढे २०१५ मध्ये जॉन्सन आणि रोझेनबॉम यांच्या अभ्यासात उलट निघालं. त्यामुळे कुणी एका अभ्यासाकडे बोट दाखवून निकाल लावू नये. शिवाय चार पानी कथेवरून अडीच तासांच्या सिनेमाचं अनुमान काढायला मी कचरतो. माझा भरवसा पोथीच्या म्हातारीवर जास्त आहे.

आता खरी अडचण. सिनेमाला जे म्हणायचं असतं, ते बहुधा शेवटाला म्हणायचं असतं. शेवटाविषयी बोलायचं नाही असं ठरवलं की त्या म्हणण्याविषयी बोलणंच खुंटतं. 'सैराट' २०१६ चा. करमाळ्याच्या मातीतला, म्हणजे आमच्या बीड-धाराशिवच्या अगदी शिवेवरचा. आर्ची आणि परश्या, दोन वेगळ्या जातींतली पोरं, पळून हैदराबादला जातात. मराठवाड्यातून कामासाठी कितीतरी लोक ज्या शहराला गेले, तेच हे शहर. शेवटी आर्चीचा भाऊ आणि त्याची माणसं घरी येतात, माहेरची भेट घेऊन. दोघं मारली जातात. बाहेरून आलेलं लहान लेकरू रक्तात पाय भरून चालत जातं, आणि पडद्याला आवाज नसतो. हा शेवट ठाऊक असताना 'सैराट' पुन्हा बघा. विहिरीतली उडी, उसातल्या भेटी, सगळ्या गाण्यांचा रंग बदलतो. पहिल्या खेपेला ज्या गाण्यांवर लोक थिएटरात नाचले, त्याच गाण्यांच्या वेळी दुसऱ्या खेपेला भाऊ कुठे उभा आहे, त्याची नजर कुठे आहे, याकडे लक्ष जातं. दिग्दर्शकाने तिथे काय काय पेरून ठेवलं आहे ते शेवट कळल्यावरच दिसतं.

याच कथेवरून २०१८ मध्ये 'धडक' हा हिंदी सिनेमा आला. त्यात नवरा आणि लेकरू मारलं जातं, मुलगी जिवंत राहते. जात हा शब्द मराठी सिनेमात जितका उघडा आहे तितका तिथे राहिलेला नाही. हा बदल का झाला, तो योग्य की अयोग्य, यावर जोरात वाद व्हायला हवा. पण दोन्ही शेवट सांगितल्याशिवाय हा वाद सुरूच होत नाही. मी इथे दोन्ही सांगितले आहेत आणि त्याबद्दल मला संकोच वाटत नाही. 'फँड्री'त गावासमोर डुक्कर धरावं लागलेल्या जब्याने शेवटी भिरकावलेला दगड सरळ प्रेक्षकाकडे येतो. तो येणार हे मला माहीत असतं तेव्हा मी सबंध सिनेमाभर माझ्याच वागण्याचा हिशेब मांडत बसतो. गावात असं डुक्कर धरताना बघत आपणही कडेला उभे होतो का, हसलो होतो का, हा प्रश्न दगडाच्या आधीच सुरू होतो.

शेवटाची ही धास्ती वाढली त्यामागे धंद्याचंही कारण आहे असं मला वाटतं. सिनेमाचं यश आता पहिल्या शुक्रवार ते रविवारच्या गल्ल्यावर मोजतात. 'कुणी सांगायच्या आत बघून घ्या' ही घाई तिकीट खपवते. जो पहिल्या तीन दिवसांत मल्टिप्लेक्सला पोचू शकतो, त्याच्या सोयीचा हा नियम आहे. तालुक्याच्या टॉकीज एकामागून एक बंद पडल्या. कुठे मंगल कार्यालय झालं, कुठे गोदाम. ज्याला सिनेमासाठी बसने जिल्ह्याच्या गावाला जावं लागतं, तो जाण्याआधी चार जणांना विचारणारच. त्याला नीट सांगणारं परीक्षण हवं असतं. तारे बघून तिकिटाचे, गाडीभाड्याचे आणि बुडालेल्या रोजाचे पैसे तो का घालवील?

वर्तमानपत्रांनी एक करावं. सिनेमा लागला त्या आठवड्याचं परीक्षण आहे तसं छापावं, शेवट झाकून. तीन-चार आठवड्यांनी त्याच सिनेमावर दुसरा लेख छापावा आणि त्यात सगळं मोकळेपणाने लिहावं, शेवटासकट. वर तशी एक ओळ टाकली की ज्याला वाचायचं नाही तो पान उलटेल. महाविद्यालयांत आणि चित्रपट मंडळांत सिनेमा दाखवतात तिथे नंतरच्या चर्चेला निदान तासभर ठेवावा, आणि सुरुवात शेवटच्या प्रसंगापासून करावी. परीक्षण लिहिणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे की दिग्दर्शकाने शेवट असाच का केला, दुसरा कुठला शक्य होता आणि त्याने तो का टाळला, हे लिहायला कचरू नका. सिनेमा बघून आलेला माणूस तेच वाचायला शोधत असतो, आणि मराठीत आज ते त्याला फारसं कुठे मिळत नाही.